ग्राफिक्स कार्ड घेतांना

मुलाची परीक्षा संपते, सुटी लागते आणि घरांत एक मागणी पुढें येते : खेळ खेळतां येतील असा संगणक हवा. मुलाच्या ओठांवर चार-दोन इंग्रजी नांवें व आंकडे असतात. वडिलांच्या मनांत एकच आंकडा असतो आणि तो खर्चाचा. मग दोघे बाजारांत जातात. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो किंवा पुण्याची तपकीर गल्ली असो, दुकानाच्या कपाटांत रंगीबेरंगी खोकीं ओळीनें मांडलेलीं असतात व प्रत्येकावर मोठ्या ठशांत एक आंकडा छापलेला असतो. आंकडा जितका मोठा तितकी वस्तु सरस, अशी साहजिकच समजूत होते, आणि पुष्कळांची फसगत येथेंच होते. बेताच्या पैशांत संगणक घेणाऱ्या कुटुंबास ती फार जड जाते; कारण चुकलेली खरेदी सुधारण्यास शिलकेंत दुसरी रक्कम उरलेली नसते.

ग्राफिक्स कार्ड काय करतें हें प्रथम ध्यानीं घ्यावें. पडद्यावरचें चित्र बारीक ठिपक्यांचें बनलेलें असतें. नेहमींच्या १९२० गुणिले १०८० मापाच्या पडद्यावर असे २०,७३,६०० ठिपके असतात. हालचाल सलग दिसावयाची तर सेकंदास ६० चित्रें उमटावीं लागतात. म्हणजे एका चित्रास सुमारें १७ मिलिसेकंदांचाच अवधि मिळतो. तेवढ्यांत वीस लाखांवर ठिपक्यांचा रंग ठरवावयाचा असतो. एका हुशार कारकुनापेक्षां हजार साधे कारकून अशा कामीं अधिक उपयोगी पडतात. शेंकडों-हजारों लहान गणक एकाच वेळीं राबविणारें यंत्र म्हणजेच ग्राफिक्स कार्ड होय. आतां ३८४० गुणिले २१६० मापाचा, म्हणजे ज्याला फोर-के म्हणतात तो पडदा घेतला, कीं ठिपके बरोबर चौपट होतात व कामही त्याच मानानें वाढतें. तेव्हां घरांत पडदा कोणता आहे, हा पहिला प्रश्न. कार्ड कोणतें, हा त्यानंतरचा. साध्या पडद्यासाठीं फोर-केचें कार्ड घेणें म्हणजे दोन माणसांच्या संसाराला लग्नघरचें पातेलें आणणें होय.

दुसरा प्रश्न असा कीं, निराळें कार्ड मुळांत हवेंच काय? कांहीं प्रोसेसरांच्या पोटांतच चित्रें काढणारा भाग बसविलेला असतो. २०२१ सालीं निघालेला एएमडीचा रायझेन ५ ५६००जी हा त्यांपैकींच. माइनक्राफ्ट किंवा व्हॅलोरंट यांसारखे हलके खेळ त्याच्यावर समाधानकारक चालतात. मात्र या भागास स्वतःची स्मृति नसते. तो संगणकाच्या रॅममधूनच काम भागवितो. डीडीआर-४ जातीची, ३२०० वेगाची रॅमची एकच स्टिक बसविली तर सेकंदाला २५.६ जीबी एवढीच माहिती वाहते. दोन बसविल्या तर ५१.२ जीबी. म्हणून १६ जीबीची एक स्टिक घेण्यापेक्षां ८ जीबीच्या दोन घेणें श्रेयस्कर. ज्या मुलाचे खेळ हलके आहेत त्याच्या घरीं कार्डाचा खर्च वर्ष-दोन वर्षें सहज पुढें ढकलतां येतो.

कार्ड घ्यावयाचेंच ठरलें तर नांवावर विसंबूं नये. कारण एकाच नांवाखालीं दोन वस्तु विकल्या जातात. एन्व्हिडियाचें जीटी १०३० हें कार्ड २०१७ सालीं जीडीडीआर-५ स्मृति घेऊन आलें; पुढें २०१८ सालीं त्याच नांवानें साध्या डीडीआर-४ स्मृतीचें कार्ड निघालें. पहिल्याची वाहतूक सेकंदाला ४८ जीबी, तर दुसऱ्याची जेमतेम १७. नांव एक, पण योग्यता निम्म्याहून कमी. आरटीएक्स ३०५० चीही तीच गोष्ट. २०२२ सालच्या मूळ कार्डांत ८ जीबी स्मृति व २५६० गणक होते. फेब्रुवारी २०२४ मध्यें आलेल्या त्याच नांवाच्या कार्डांत ६ जीबी स्मृति व २३०४ गणक आहेत. खोक्याच्या कोपऱ्यांत बारीक अक्षरांत ‘६ जीबी’ असें छापलेलें असतें खरें. पण वाचावयास हवें तें नेमकें तेंच.

स्मृतीचा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. अलीकडच्या मोठ्या खेळांना ४ जीबी अपुरी पडते. स्मृति संपली कीं चित्र अडखळूं लागतें, मग गणक कितीही असोत. साध्या पडद्यासाठीं ८ जीबी ही आज खालची मर्यादा समजावी. एएमडीचें आरएक्स ९०६० एक्सटी हें कार्ड जून २०२५ मध्यें आलें तेव्हां अमेरिकेंत ८ जीबीच्या कार्डाची किंमत २९९ डॉलर व १६ जीबीच्या कार्डाची ३४९ डॉलर ठेविली होती. कार्ड पांच वर्षें वापरावयाचें असेल, तर एवढ्याशा फरकासाठीं मोठी स्मृति सोडणें ही काटकसर नव्हे.

कार्ड व संगणक यांच्यामधील रस्त्याचाही विचार करावा लागतो. जानेवारी २०२२ मध्यें आलेल्या आरएक्स ६५०० एक्सटी या कार्डास माहिती नेण्या-आणण्यास चारच मार्गिका दिलेल्या आहेत. पीसीआय एक्सप्रेसच्या चौथ्या पिढीच्या मदरबोर्डावर त्या कशाबशा पुरतात; तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर मात्र रस्ता निम्मा अरुंद होतो व खेळाची गति स्पष्टपणें उतरते. वर सांगितलेला ५६००जी तिसऱ्या पिढीचाच. म्हणजे आज प्रोसेसर घ्यावा व उद्यां तें स्वस्त कार्ड जोडावें, असा बेत केलेल्या कुटुंबाच्या पदरीं निराशाच यावयाची. इंटेलच्या डिसेंबर २०२४ मधील आर्क बी५८० या कार्डांत १२ जीबी स्मृति आहे व मूळ किंमतही २४९ डॉलर, म्हणजे माफकच होती. परंतु जुन्या प्रोसेसरबरोबर त्याची गति बरीच घटते. नव्या यंत्रास तें शोभतें, जुन्यास नव्हे.

यानंतर विजेचा प्रश्न येतो. मदरबोर्डाच्या खांचेंतून कार्डास ७५ वॅटपर्यंतच वीज मिळते. त्याहून अधिक हवी तर पॉवर सप्लायमधून निराळी केबल आणावी लागते. कचेरींतून निघालेले कांहीं जुने संगणक अशा केबलविना असतात. त्यांत १३२ वॅटचें आरएक्स ६६०० बसत नाहीं. पण ७० वॅटचें, ६ जीबीचें आरटीएक्स ३०५० पुष्कळदां बसतें. जें कार्ड वर उणें ठरलें तेंच येथें योग्य ठरतें. वस्तूची योग्यता तिच्या जागेवरून ठरते, ती अशी. नवा संगणक जुळवितांना मात्र कॅबिनेटबरोबर जवळजवळ फुकट मिळणारा पॉवर सप्लाय घेऊं नये. तो बिघडला तर एकटा जात नाहीं. सोबत महागडें कार्डही नेतो.

वापरलेल्या कार्डांचा बाजार मोठा आहे. १५ सप्टेंबर २०२२ रोजीं इथेरियम या चलनाची पद्धति बदलली व त्याच्या खाणकामांत रात्रंदिवस राबलेलीं असंख्य कार्डें विक्रीस आलीं. त्यांतलें प्रत्येक वाईटच असतें असें नाहीं; परंतु पंखे झिजलेले असूं शकतात व हमी बहुधा संपलेली असते. शिवाय जुन्या पिढीचें आयुष्यही मोजावें. २०१६ सालच्या जीटीएक्स १०६० सारख्या कार्डांसाठीं नव्या खेळांचे ड्रायव्हर देणें एन्व्हिडियानें ऑक्टोबर २०२५ पासून थांबविलें. डिसेंबर २०२४ मधील ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ या खेळास रे ट्रेसिंगची सोय असलेलेंच कार्ड लागतें. २०१७ सालच्या आरएक्स ५८० मध्यें ती नाहीं. कांहीं लबाड विक्रेते तर जुन्या कार्डाचें बायोस बदलून नव्याचें नांव दाखवितात. म्हणून वापरलेलें कार्ड समोर संगणकांत लावून, खेळ अर्धा तास चालवून व जीपीयू-झेड या मोफत प्रोग्रामनें तपासूनच घ्यावें.

पैशांची वांटणी करतांना एकंदर रकमेचा तिसरा हिस्सा ते फार तर निम्मा कार्डावर घालावा. उरलेल्यांत प्रोसेसर, रॅम, एसएसडी व भरंवशाचा पॉवर सप्लाय बसला पाहिजे. मंद प्रोसेसरच्या जोडीला जलद कार्ड दिलें तर तें वाट पाहत बसतें, आणि त्या वाट पाहण्याचे पैसे कुटुंबानेंच भरलेले असतात.

दुकानांत पाऊल टाकण्यापूर्वीं वडील व मुलगा यांनीं कागदावर पांच गोष्टी लिहून न्याव्या : पडद्याचें माप, मुलास खरोखर खेळावयाचे तीन खेळ, मदरबोर्डाचें नांव, पॉवर सप्लायचे वॅट व केबली, आणि कॅबिनेटमध्यें मोकळी असलेली लांबी. हा कागद हातीं असला म्हणजे खोक्यावरच्या आंकड्याचा दरारा आपोआप कमी होतो. दुकानदारही मग कपाटांतलें महागडें खोकें दाखविण्याऐवजीं कागदाकडे पाहून बोलूं लागतो.