न्यायाचे दार

(मठाच्या वर्धापनोत्सवात इंदूर येथे दिलेले व्याख्यान)



पाठशाळेत याज्ञवल्क्यस्मृतीचा व्यवहाराध्याय शिकविताना विद्यार्थी हमखास विचारतात, ‘गुरुजी, येथे व्यवहार म्हणजे देवघेव का?’ शास्त्रात व्यवहार म्हणजे न्यायनिवाडा. राजाने क्रोध व लोभ बाजूस सारून, विद्वानांसह बसून तो पाहावा, असा तेथे आरंभीच दंडक आहे. परंतु त्याच स्मृतींत अपराध एकच असता वर्णपरत्वे दंड निराळा सांगितला आहे. शास्त्रावर ज्याची श्रद्धा आहे, त्याने तरी हे झाकून ठेवू नये. न्यायमंदिर पूर्वजांनी उभारले. त्याचे दार मात्र सर्वांस सारखे उघडे नव्हते. कायद्यापुढे सर्व समान, हे वचन १९५० साली अंमलात आलेल्या संविधानाच्या चौदाव्या अनुच्छेदाने दिले.

तरीही वचन आणि दार यांत अंतर असते. ते कसे मिटवावे, याचा धडा याच माळव्यात मिळतो. अहिल्यादेवींनी पुत्रालाही कठोर शासन केले, अशी दंतकथा आपण ऐकतो. मला तीहून थोर वाटते ते सर जॉन माल्कम यांनी १८२३ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य हिंदुस्थानाच्या वृत्तांतातील वर्णन. देवी रोज उघड्या दरबारी बसत, पडदा पाळीत नसत. निवाड्याचे काम पंचायतींकडे व मंत्र्यांकडे सोपवीत, परंतु गाऱ्हाणे घेऊन येणाऱ्यास त्यांची भेट केव्हाही मिळे. राज्यकर्त्यापर्यंत पोहोचता येणे, हाच त्या न्यायाचा पाया होता.

अलीकडचे उदाहरणही याच नगरीचे आहे. १९७८ साली बासष्ट वर्षांच्या शाहबानो बेगम यांनी येथील न्यायालयात पोटगीसाठी अर्ज केला. पती स्वतः वकील. दंडाधिकाऱ्यांनी महिना २५ रुपये ठरविले. उच्च न्यायालयाने १९८० साली ते १७९ रुपये २० पैसे केले. सर्वोच्च न्यायालयाने २३ एप्रिल १९८५ रोजी तो निर्णय कायम केला. त्यानंतर उठलेल्या वादळात व १९८६ च्या कायद्याच्या चर्चेत मी शिरत नाही. मी एवढेच विचारतो : तेवढ्या रकमेसाठी एका वृद्धेस सात वर्षे पायऱ्या चढाव्या लागल्या, तर जी पहिल्या पायरीशीच थबकते तिचे काय?

तिच्यासाठी १९७६ साली संविधानात ३९-अ हा अनुच्छेद आला आणि १९८७ चा विधिसेवा प्राधिकरण कायदा झाला. तो १९९५ च्या ९ नोव्हेंबरपासून अंमलात आहे. स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, कोठडीतील बंदी यांना उत्पन्न न पाहता विनामूल्य वकील मिळतो. संयुक्त राष्ट्रांनीही २०१५ साली ठरविलेल्या ध्येयांत कायद्याचे राज्य व सर्वांना न्याय यांस स्थान दिले. व्यवस्था आहे; ती ठाऊक नसणे, ही आजची बंद कडी आहे.

येथे मला स्वतःचा एक दोष सांगितला पाहिजे. काही वर्षांपूर्वी एक निरक्षर वृद्धा न्यायालयाचा कागद घेऊन मठाच्या ओसरीवर आली. पाठ चालू होता. मी म्हणालो, ‘आजी, उद्या या.’ दुसऱ्या दिवशी कागद वाचला, तो हजर राहण्याची तारीख आदल्याच दिवशी टळलेली! त्या म्हणाल्या, ‘राहू द्या महाराज, माझंच नशीब.’ नशिबाचा त्यात काही संबंध नव्हता. दार मी लावले होते, आणि तेही व्यवहाराध्याय शिकवीत असताना.

म्हणून या मंगल प्रसंगी स्वामीजींच्या चरणी एक विनंती आहे. दर गुरुवारी आरतीनंतर तासभर पाठशाळेच्या दोन विद्यार्थ्यांनी ओसरीवर बसावे. जो येईल, त्याची जात वा धर्म न विचारता त्याचा कागद वाचून दाखवावा, तारीख ठळक लिहून द्यावी, आणि जिल्हा विधिसेवा प्राधिकरणाच्या कचेरीची वाट सांगावी. १५१०० हा दूरध्वनी क्रमांकही द्यावा. कायद्याचा सल्ला मात्र देऊ नये. तो वकिलाचा अधिकार. आपले काम अक्षर ओळखण्याचे आहे, आणि ते आपल्याला येते.

अन्नछत्राने भुकेल्याची एक वेळ टळते. वेळीच वाचलेल्या एका कागदाने एखाद्याचे घर राहते. हीही गुरुसेवाच होय. ती आपल्या हातून घडो, एवढी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.