एका ठिपक्याची साक्ष



कामगार संघटनेचा माणूस उभा राहिला म्हणजे बोनसाविषयीच बोलणार, अशी समजूत असते. आज आम्ही दीर्घिकांच्या गाभ्याविषयी बोलणार आहोत. कॉलेजची पायरी आम्ही चढलो नाही. जे कळले ते वाचून कळले.

काही दीर्घिकांच्या गाभ्यात सूर्याच्या कोट्यवधी पट वस्तुमानाचे कृष्णविवर वायू गिळत असते. भोवती वायूची तबकडी, आणि जवळच अतितप्त इलेक्ट्रॉनांचा ढग. क्ष-किरण तेथून येतात. पण अंतर एवढे, की दुर्बिणीला तो ढग नुसता ठिपका दिसतो. मग त्याचा आकार कोण सांगणार?

भर उन्हात हर्सूलच्या तलावाकडे पाहा. पाण्यावरची तिरीप डोळ्यांत खुपते. ध्रुवक काचेचा गॉगल घाला, ती मावळते. मान आडवी करा, पुन्हा उजळते. पाण्यावरून परतलेल्या प्रकाशाचे कंपन मुख्यतः एकाच दिशेत होते. यालाच ध्रुवण म्हणतात. किरण कोठे आपटून आला, याची खूण त्याच्या अंगावर राहते.

क्ष-किरणांसाठी असा गॉगल नाही. अमेरिका व इटली यांनी डिसेंबर २०२१ मध्ये सोडलेल्या 'आयएक्सपीई' उपग्रहात क्ष-किरण वायूच्या अणूतून इलेक्ट्रॉन उडवतो, आणि तो बहुधा कंपनाच्या दिशेने जातो. बहुधा! म्हणून एकाची साक्ष कुचकामी. हजारोंच्या वाटा मोजाव्या लागतात. हे संघटनेच्या माणसाला चटकन पटते.

एनजीसी ४१५१ या दीर्घिकेत ध्रुवण सुमारे ४.९ टक्के भरले, चूकभूल १.१, दिशा तिच्या रेडिओ झोताला समांतर. यावरून ढग तबकडीवर दिव्यासारखा टांगलेला नसून तबकडीलगत पसरलेला असावा, या मताला बळ आले. सर्सिनस दीर्घिकेत थेट प्रकाश धुळीच्या कड्याआड दडतो. तेथे ध्रुवण सुमारे २८ टक्के आणि झोताला काटकोनात, म्हणजे आपल्यापर्यंत येतो तो कड्यावरून उसळलेला प्रकाश. एमसीजी-५-२३-१६ मात्र गप्प राहिली. ध्रुवण ठामपणे सापडलेच नाही.

एका सभासदाने विचारले, "दादा, याने आमच्या ताटात काय पडते?" आम्ही म्हणालो, "काही नाही. पण आपलेही यंत्र उडाले आहे, त्यात तुझा कर आहे. हिशेब तुला कळायला नको काय?"

ते यंत्र 'पोलिक्स'. बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेने घडवलेले, १ जानेवारी २०२४ रोजी श्रीहरिकोट्याहून 'एक्सपोसॅट'वर गेलेले. मध्ये हलक्या मूलद्रव्याचा ठोकळा, चार बाजूंना शोधक. उपग्रह हळूहळू फिरतो आणि किरण कोणत्या बाजूला जास्त उसळतात ते मोजतो. तेजस्वी स्रोतांसाठी ते उत्तम, पण दूरच्या मंद दीर्घिकांकडून किरणच इतके थोडे येतात, की त्यांची साक्ष मिळवायला फार दिवस डोळा लावून बसावे लागते.