हात भरून येतात तेव्हा

मी कामशेतला राहतो, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, ऑफिस शिवाजीनगरला. लोकलने जाऊन-येऊन रोजचे दोन-अडीच तास जातात. हिवाळ्यातले जमतील तेवढे रविवार मात्र कातळावर: कधी नागफणी, कधी तैलबैला. आज बोलायचंय दमाबद्दल. पळण्याचा दम नाही, हातांचा दम. आणि तो घरी, कमी वेळात कसा वाढवायचा याबद्दल.

आधी माझी फजिती सांगतो. मागच्याच्या मागच्या जानेवारीतली गोष्ट. तैलबैला तसं मुळशी तालुक्यात, पण आम्ही जातो लोणावळ्याहूनच. भिंतीवर लीड करत होतो. खालचा बोल्ट पाच-सहा फूट मागे राहिलेला, पुढचा डोळ्यांसमोर. दोर ओढायचा आणि क्विकड्रॉत अडकवायचा, एवढंच काम. पण हात कोपरापर्यंत भरून आले होते, अगदी दगड. बोटं ऐकेनात. ओढलेल्या दोरासकट पडलो. त्या जास्तीच्या दोरामुळे पडणं लांबलं आणि घोटा खालच्या टप्प्यावर आपटला. सहा आठवडे प्लास्टर. मुलगी तेव्हा चार महिन्यांची. बायको एक शब्द बोलली नाही, आणि तेच जास्त लागलं.

मला वाटलं, ताकद कमी पडली. पण पंधरा पुलअप्स तर मी आरामात काढत होतो! आठवड्यातून दोनदा बारला लटकून, हात सुटेपर्यंत सराव करायचो. आमच्या ग्रुपमधला एक सीनियर दादा घरी बघायला आला, त्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "अरे, तू सराव कुठे करतोस? तू दरवेळी परीक्षाच देतोस. अभ्यास कधी करणार?"

हे नीट समजून घेऊ. बोटं मिटणारे मोठे स्नायू कोपर ते मनगट या भागात असतात. पकड घट्ट आवळली की स्नायूच आतल्या रक्तवाहिन्या दाबतो, रक्त पोचत नाही. पकड सैल झाली की रक्त परत वाहतं. म्हणजे दम दोन गोष्टींवर ठरतो: एक, तुमच्या पूर्ण ताकदीच्या किती हिश्श्यात तुम्ही होल्ड धरता, आणि दोन, हात सुटा असतो त्या दोन-तीन सेकंदांत स्नायू किती सावरतो. रोज हात सुटेपर्यंत लटकून यातलं काहीच नीट घडत नाही. फक्त थकवा साचतो.

जून ते सप्टेंबर आपल्याकडे कातळ ओलाच. तेवढे महिने मी घरी घालवले. आपल्या दरवाज्यांच्या चौकटीवर विकतचे अडकवायचे बार नीट बसत नाहीत, म्हणून काँक्रीटच्या बीममध्ये अँकर बोल्ट मारून लाकडी हँगबोर्ड लावला. खाली एक खुर्ची. मुलगी साडेनऊला झोपते, त्यानंतर पंचवीस मिनिटं. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सुट्टी. सुरुवातीची पाच मिनिटं खांदे, मनगटं, बोटं मोकळी करायची.

सोमवारी पाय खुर्चीवर. निम्म्याहून जास्त वजन पायांवर, हात सतत बदलत राहायचे. पाच मिनिटं असं, पाच मिनिटं विश्रांती, परत पाच मिनिटं. गप्पा मारता आल्या पाहिजेत इतकं हलकं. हात भरायला लागले की पायांवर आणखी भार द्यायचा.

बुधवारी सात सेकंद पकड, तीन सेकंद सोड, असं सहा वेळा. झालं एक मिनिट. मग तीन मिनिटं विश्रांती. असे चार सेट. शेवटच्या सेटनंतर 'अजून एक जमला असता' असं वाटलं पाहिजे. नाही वाटलं, तर पुढच्या वेळी पायांवर भार वाढवा.

शुक्रवारी ताकद. दहा सेकंद लटकायचं, तीन मिनिटं थांबायचं, पाच वेळा. कारण ताकद वाढली की तोच होल्ड धरायला तिचा कमी हिस्सा लागतो.

दोन सूचना. बोटं पूर्ण दुमडून, वर अंगठा दाबून लटकू नका. स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, बोटांतल्या शिरा-दोऱ्यांना महिने लागतात. बोटाच्या मुळाशी दुखलं की थांबा, 'होईल सहन' म्हणू नका.

आणि एक सराव फुकटचा, लोकलमधला. वरची कडी धरली की बघा, किती कमी जोरात धरता येते. घाबरलो की आपण होल्ड गरजेच्या दुप्पट आवळतो. माझे हात त्या दिवशी निम्मे भीतीनेच भरले होते.

गेल्या डिसेंबरात त्याच भिंतीवर गेलो. त्याच बोल्टखाली हात परत भरले. हो, भरलेच! या वेळी एक पाऊल खाली आलो, चांगल्या होल्डवर हात सरळ ठेवला, एकेक हात खाली सोडून झटकला. मिनिटभर. मग वर जाऊन दोर अडकवला. पुढची लीड दादाने घेतली, मी सेकंड म्हणून गेलो.

जाताना जाणत्या ग्रुपबरोबर जा, हेल्मेट घाला. आपल्या भागात 'शिवदुर्ग मित्र'ची मंडळी रात्री-अपरात्री रेस्क्यूला धावतात, त्यांचं काम वाढवू नका.

घरी आल्यावर बायकोने एवढंच विचारलं, "हात भरले का?"

म्हटलं, "भरले. पण या वेळी बोटांनी ऐकलं."

भेटू पुढच्या भागात.