आजीचं आधार कार्ड बघा
(ग्रामसंघाच्या मासिक बैठकीतलं भाषण)

तायांनो, हिशोबाच्या वह्या उघडण्याआधी थोडं बोलते.

29 ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षं आणि त्यापुढच्या सगळ्यांना आयुष्मान कार्ड मिळतं. रेशनकार्ड पिवळं की केशरी, शेती किती, काही विचारत नाहीत. योजनेतल्या दवाखान्यात भरती झालं तर वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मोफत. सासू-सासरे दोघं सत्तरीपुढचे असले तर तेवढेच दोघांत मिळून. नुसत्या तपासणीला, गोळ्यांना मात्र हे कार्ड चालत नाही.

खरी अडचण वयाची. वय आधारवरचंच धरतात. आणि आपल्या म्हाताऱ्या बायांचा जन्म कुठं नोंदलाय? "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झाले," एवढंच त्यांना ठाऊक. मग आधार काढताना कुणीतरी अंदाजानं 1 जानेवारी टाकलेली असते. पाठ वाकली, पणतू झाला, तरी कागदावर आजी अजून पासष्टच्या! दुरुस्तीला पुरावा मागतात, तो शोधण्यात दिवस जातात. म्हणून आजारपण येण्याआधी, आज घरी गेल्या गेल्या जन्मसाल बघा.

कष्टानं बोटांचे ठसे झिजलेत? मोबाईलवरच्या ओटीपीनं किंवा चेहऱ्यावरूनही ओळख पटते.

एकट्या राहणाऱ्या आजींना सेवा केंद्रात कोण नेणार? मला वाटतं, हे काम गटाचंच. चला, वस्तीवार नावं सांगा, मी लिहून घेते.