आधी गंगा, मग सागर

वाराणसीत डिसेंबर २०२५ पासून हायड्रोजनवर चालणारी नौका प्रवासी नेऊ लागली. ती बांधली कोचीच्या गोदीने. तिच्यातील इंधनघट, म्हणजे फ्युएल सेल, पुण्याच्या केपीआयटीचा. या घटात हायड्रोजन जळत नाही. पातळ पटलाच्या साहाय्याने त्याचा प्राणवायूशी संयोग होऊन वीज मिळते आणि उरते ते पाणी. धुराचे नाव नाही. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट!

मात्र टाळ्यांची घाई आपल्याला फार, आम्हा पत्रकारांना तर अधिकच. गंगेचे पाणी गोडे, काठ हाकेवर. समुद्रावर खारी हवा घटात शिरून त्याची शक्ती क्षीण करते, लाटांचे हेलकावे नळ्यांच्या सांध्यांवर ताण आणतात, आणि गळलेला हायड्रोजन छताखाली साचला तर एक ठिणगी पुरते. नॉर्वेची 'हायड्रा' ही नौका २०२१ मध्ये तयार झाली. द्रवरूप हायड्रोजनवर धावली २०२३ मध्ये. तोवर तिने बॅटरी व डिझेलवर भागविले, कोणी तिला अपयश म्हटले नाही.

उद्या मुंबई-मांडवा मार्गावर अशी नौका आणायची झाली, तर आधी ती रिकामी फिरवावी, ज्येष्ठातला खवळलेला समुद्र तिला दाखवावा. माणसे त्यानंतर बसवावीत.