पाचवे पान



संमेलनाच्या अध्यक्षाने साहित्याच्या सद्यःस्थितीचा आढावा घ्यावा, अशी रीत आहे. तो आढावा उद्याच्या परिसंवादांत जाणकार मंडळी घेणारच आहेत. मला आज एकाच प्रश्नाविषयी बोलायचे आहे. देव मानणारा आणि न मानणारा, या दोघांनी एकमेकांच्या चांगुलपणावर विश्वास ठेवायचा की नाही? आपल्या घरांत, मंडळांत, मासिकांच्या पानांवर हा प्रश्न फार कडवट झाला आहे. मी देव मानत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचे बोलणे कुठून येते आहे ते तुम्हाला कळेल. पण माझी बाजू वरचढ ठरावी म्हणून मी इथे उभी राहिलेली नाही.

हा प्रश्न नुसत्या वादाने सुटत नाही. तो कुणाच्या तरी दुःखाशेजारी नेऊन ठेवावा लागतो. मी तो एकोणिसाव्या शतकातल्या पुण्याच्या ब्राह्मण विधवेशेजारी ठेवते. दहा-बारा वर्षांची मुलगी. नवरा गेला म्हणून तिचे केस उतरवले, अंगावर आलवण आले, एकवेळचे जेवण आणि माजघराचा कोपरा तिच्या वाट्याला आला. पुढे घरातल्याच कुणी तिच्यावर हात टाकला आणि दिवस राहिले, तर विहीर, नाहीतर पोटच्या मुलाचा गळा. अशाच एका विधवेला मूल मारल्याबद्दल काळ्या पाण्याची शिक्षा झाली, आणि १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. गुपचूप या, बाळंत व्हा, मूल न्या किंवा ठेवून जा, असे त्यांनी जाहीर केले. ज्या जातीने त्यांना पावलोपावली अडवले होते, तिच्याच लेकींसाठी हे दार उघडले गेले. काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा त्यांनी १८७४ मध्ये दत्तक घेतला. तो यशवंत डॉक्टर झाला. प्लेगच्या साथीत त्याच्या दवाखान्यात सावित्रीबाई रुग्ण आणून पोचवत होत्या. मुंढव्याहून एका आजारी मुलाला त्यांनी स्वतः उचलून आणले, त्यात त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

जोतीराव देव मानत. मूर्ती मानत नव्हते, मध्यस्थ मानत नव्हते. पण सगळ्या माणसांना सारखे हक्क देणारा निर्मिक आहे, यावर त्यांची अढळ श्रद्धा होती. ती श्रद्धा वजा करून त्यांचे काम समजून घेता येईल, असे आमच्यातल्या काही विवेकवादी मित्रांना वाटते. मला तसे वाटत नाही. निर्मिकाने भेद केला नाही, मग तुम्ही कोण करणार, हा त्यांचा युक्तिवाद श्रद्धेतूनच उभा राहतो.

आता न्यायमूर्ती रानड्यांकडे बघा. प्रार्थना समाजाचे आधारस्तंभ, गाढ ईश्वरनिष्ठ, विधवाविवाहाचे जाहीर पुरस्कर्ते. १८७३ मध्ये त्यांची पहिली पत्नी वारली. वडिलांच्या आग्रहापुढे ते नमले आणि अकरा वर्षांच्या मुलीशी त्यांनी लग्न केले. श्रद्धा होती, विचार होता, तरी त्या घटकेला दोन्ही अपुरे पडले. पण गोष्ट तिथे थांबली नाही. त्या मुलीला त्यांनी घरच्यांचा रोष पत्करून शिकवले, आणि रमाबाई रानडे म्हणून तिने पुढे पुण्यात सेवासदन उभे केले. माणसाचा एक क्षण धरून त्याला कायमचे निकालात काढू नये, हे मी या घरातून शिकले.

त्याच पुण्यात गोपाळ गणेश आगरकर होते. ईश्वर असल्याचा पुरावा त्यांना सापडला नाही आणि पुराव्याशिवाय ते काही मानायला तयार नव्हते. १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढला आणि केशवपन, बालविवाह, संमतिवय या विषयांवर सतत लिहिले. लोकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. दम्याने पोखरलेला हा माणूस १८९५ मध्ये, वयाच्या चाळिशीच्या आत गेला. मरणानंतर फळ मिळेल अशी आशा नाही, वर कुणी बघतो आहे अशी भीती नाही, तरी एका मुलीच्या डोक्यावर वस्तरा फिरतो हे त्यांना सहन होत नव्हते. देव नसेल तर माणूस चांगला कशाला वागेल, असे विचारणाऱ्यांनी या माणसाचे चरित्र एकदा शांतपणे वाचावे, अशी माझी हात जोडून विनंती आहे. आणि माझ्या बाजूच्या मंडळींना आणखी एक गोष्ट सांगायची आहे. आगरकरांनी पत्नी यशोदाबाईंची देवपूजा बंद पाडली नाही. लेखणीने अख्ख्या समाजाशी झुंजणाऱ्या या माणसाने घरात आपल्या अश्रद्धेची सक्ती केली नाही.

जोतीरावांनी पक्षाघातानंतर डाव्या हाताने लिहिलेला ‘सार्वजनिक सत्यधर्म’ हा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १८९१ मध्ये छापला गेला. त्यात एका घराची कल्पना आहे. घरातली बाई बौद्ध ग्रंथ वाचून बौद्ध होते, नवरा बायबल वाचून ख्रिस्ती, मुलगी कुराण वाचून मुसलमान, मुलगा सत्यधर्मी. आणि कुणी कुणाचा द्वेष न करता सगळे एकत्र राहतात. आजही हे घर वाचताना माझा ऊर भरून येतो. पण त्या पंक्तीत चारच पाने मांडलेली आहेत. काहीच न मानणाऱ्याचे पाचवे पान तिथे नाही. ग्रंथात नसलेले ते पान पुण्याच्या प्रत्यक्ष इतिहासाने मांडलेले आहे, असे माझे म्हणणे आहे. कसे, ते सांगते.

पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाल्या. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदासदन सुरू केले, पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे गोदूबाई जोशी. १८९३ मध्ये मुलींच्या धर्मांतरावरून गदारोळ उठला, आणि सल्लागार मंडळावरच्या रानडे-भांडारकरांसारख्या हितचिंतकांनी अंग काढून घेतले. निराधार मुलीला आसरा देताना श्रद्धा ही त्याची किंमत होते आहे का, हा प्रश्न रास्तच होता. आजही प्रत्येक सेवाभावी संस्थेला, मग ती कुठल्याही धर्माची असो वा कुठल्याही विचाराची, तो विचारलाच पाहिजे. मात्र तो विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांनी एकाही विधवेला दार उघडले नव्हते, हेही तितकेच खरे. रमाबाई पुढे केडगावला गेल्या आणि दुष्काळात होरपळलेल्या शेकडो मुलींना त्यांनी जगवले.

त्याच १८९३ च्या मार्चमध्ये गोदूबाईंनी धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला. फर्ग्युसनमधले गणिताचे हे प्राध्यापक स्वतःला अज्ञेयवादी म्हणवत. एका श्रद्धाळू ख्रिस्ती बाईने शिकवलेली हिंदू विधवा एका अज्ञेयवादी माणसाच्या घरात सन्मानाने नांदायला गेली! कर्व्यांच्या मुरूडने त्यांच्यावर बहिष्कार घातला. १८९६ मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली. पुढे आश्रम हिंगण्याच्या माळावर गेला, तेव्हा ते रोज पायी कॉलेजला येत-जात. आश्रमातल्या मुलींच्या व्रतवैकल्यांशी त्यांनी भांडण मांडले नाही. शिक्षण आणि पुनर्विवाह ही कामेसुद्धा त्यांनी वेगळी ठेवली, नाहीतर आईबापांनी मुली पाठवल्याच नसत्या. याला कुणी तडजोड म्हणेल. मी याला समोरच्या मुलीची गरज आपल्या मतापेक्षा मोठी मानणे म्हणते.

आणखी एका गोष्टीची आठवण सुधारकांच्या यादीत सहसा येत नाही. १८९० च्या सुमारास मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांची सभा भरली आणि विधवांचे केशवपन करायचे नाही, असा निर्धार झाला. हातावर पोट असलेल्या माणसांनी मिळकतीचे एक काम स्वतःहून सोडले. त्यांनी देवळात जाणे सोडले का, हे कुणी विचारले नाही, आणि विचारायचे कारणही नव्हते.

आपल्या काळात डॉ. नरेंद्र दाभोलकर हेच सांगत राहिले. ते स्वतः नास्तिक होते, पण त्यांचा लढा देवाधर्माच्या नावाने चालणाऱ्या शोषणाशी होता. तरीही त्यांना धर्मद्रोही ठरवले गेले. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला, आणि ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी त्यांनी आयुष्य झिजवले तो त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मंजूर झाला. याविषयी मला अजून शांतपणे बोलता येत नाही.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाडच्या ग्रामपंचायतीने ठराव केला : नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसायचे नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचे नाही, जोडवी काढायची नाहीत. करोनात गावोगावी तरण्या बायका विधवा झालेल्या होत्या. त्याच महिन्यात राज्य सरकारने सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचे अनुकरण करण्याविषयी परिपत्रक काढले. हेरवाडची देवळे होती तिथेच आहेत. गावाने देव टाकला नाही, रीत टाकली.

मात्र ठराव कागदावर असतो आणि बांगड्या दहाव्या दिवशी पाणवठ्यावर फुटतात. तिथे सासू असते, जावा असतात, भाऊबंद असतात, आणि त्या बाईच्या बाजूने बोलणारे कुणी नसते. विवेकवादी म्हणवणारे आम्ही बहुतेक वेळा तिथे नसतोच, कारण दहाव्याला जाणे आम्ही तत्त्व म्हणून सोडलेले असते. मला हे चुकीचे वाटते. विधी मान्य नसेल तर करू नका, पण त्या बाईशेजारी जाऊन उभे राहा. आणि कीर्तनकार, प्रवचनकार, भजनी मंडळातल्या बायाबापड्यांनो, तुमचा शब्द तिथे आमच्या शंभर लेखांहून अधिक चालतो. तो तुम्ही टाकलात तर हातातला दगड खाली येणार नाही.

उद्या दुपारच्या सत्रात असे ठराव केलेल्या गावांतल्या पंचायत सदस्य स्त्रिया बोलणार आहेत. विरोध कुणी केला, समजूत कशी घातली, पहिली बाई कोण जिने कुंकू ठेवले, पुढच्या हळदीकुंकवाला तिला बोलावले की नाही, हे सगळे त्यांना विचारा आणि लिहून घ्या. आपल्या कथा-कादंबऱ्यांत अजून न आलेला हा ऐवज आहे. त्या बायका लांबून, मुक्कामाच्या एसटीने येणार आहेत. त्यांचे सत्र सभागृहाच्या मुख्य व्यासपीठावर ठेवावे, अशी विनंती मी संयोजकांना केली होती आणि ती त्यांनी मान्य केली आहे.