बदनाम झालेला चहा

रशियात जंगल जळालं की त्या राखेतून लवकर उगवणारं गुलाबी-जांभळ्या फुलांचं एक रोप आहे. त्याच्या पानांचा चहा म्हणजे ‘इवान-चाय’. सेंट पीटर्सबर्गजवळच्या कोपोर्ये गावावरून त्याला कोपोर्येचा चहाही म्हणतात. कृती अगदी घरगुती. पानं सावलीत कोमेजू द्यायची, रस सुटेपर्यंत तळहातांवर वळायची, ओल्या फडक्याखाली सुवास येईपर्यंत मुरवायची आणि मंद आचेच्या भट्टीत वाळवायची. एकोणिसाव्या शतकात व्यापारी तो महागड्या चिनी चहात मिसळू लागले. सरकारनं भेसळीवर बंदी घातली. बदनाम झालं ते रोप! मला विचाराल तर दोष पानांचा नव्हताच, लबाडी व्यापाऱ्यांची होती. आज तोच चहा रशियात स्वतःच्या नावानं विकला जातो.